ड्यूटी संपली, काम संपलं नाही

पत्राचा सारांश : पत्रलेखिका डॉक्टर असून जनरल सर्जरीच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला आहेत. युनिटचा ड्यूटी चार्ट लावण्याचं काम त्यांच्याकडे आहे. काही महिन्यांपूर्वी वरून लेखी आदेश आला : सलग २४ तासांहून जास्त ड्यूटी नको, इमर्जन्सी ड्यूटीनंतरच्या दिवशी (पोस्ट-ड्यूटी) सुट्टी द्यायची, प्रत्येकाचे आठवड्याचे तास नोंदवहीत लिहायचे. युनिटप्रमुखांनी तोंडी सांगितलं, "चार्ट आदेशाप्रमाणे लावा, काम नेहमीसारखं होऊ द्या." तेव्हापासून ज्युनिअर सकाळी 'ऑफ'ची सही करतात आणि पुन्हा वॉर्डात येऊन संध्याकाळपर्यंत थांबतात. अशाच एका संध्याकाळी पहिल्या वर्षाचा एक मुलगा घरी जाताना दुचाकीवरून पडला. खरचटण्यावर निभावलं. त्यानंतर त्याच्याच बॅचची एक मुलगी म्हणाली, "मी आता खरे तास लिहिणार." पत्रलेखिकेला तिचा राग आला, आणि राग आला याची लाजही वाटली. त्या लिहितात : "आम्ही सलग ३६ तास उभं राहून शिकलो, आम्हाला काही झालं नाही. घड्याळ बघून निघणाऱ्याच्या हातात पेशंट कसा द्यायचा? दर पाळीला डॉक्टर बदलला की पेशंटचं काय होतं ते मी पाहिलं आहे. आणि खरं सांगायचं तर यांना सुट्टी दिली की ते काम माझ्याच अंगावर येतं. परीक्षा तोंडावर आहे, प्रबंधावर सरांची सही बाकी आहे. तिला थांबवू, की तिच्या खऱ्या तासांखाली माझी सही करू?"

डॉक्टर,

राग आला यात लाजण्यासारखं काही नाही. ज्या कर्जाचे हप्ते आपण पोटाला चिमटा काढून फेडले ते पुढच्याला माफ झालं, की चरफड होतेच. पण त्या चरफडीत तुम्ही दोन-तीन गोष्टी एकत्र बांधून टाकल्या आहेत. त्या सोडवल्याशिवाय सहीच्या प्रश्नाला हात घालता येणार नाही.

"आम्हाला काही झालं नाही" हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि म्हणणारा बहुतेक वेळा मनापासून म्हणतो. अडचण एवढीच की या प्रकरणात त्याची साक्ष धरता येत नाही. २००३ साली हान्स व्हान डाँगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना सलग १४ रात्री मोजूनमापून झोपू दिलं : काहींना आठ तास, काहींना सहा, काहींना चारच. सहा किंवा कमी तास झोपणाऱ्यांचं लक्ष दिवसागणिक घसरत गेलं, आणि अखेरीस ते एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकं खाली आलं. "झोप किती येतेय?" या प्रश्नाची त्यांची उत्तरं मात्र पहिल्या काही दिवसांनंतर फारशी बदलली नाहीत. म्हणजे काम बिघडत होतं आणि ज्याचं बिघडत होतं त्याला पत्ता नव्हता. त्याआधी १९९७ मध्ये डॉसन आणि रीड या दोघांनी जागरणाची तुलना थेट दारूशी केली होती. सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी होते, २४ तासांनंतर ०.१० टक्के असल्यासारखी. कितीतरी देशांत ०.०५ च्या वर गाडी चालवणं गुन्हा आहे. तेव्हा, तुमच्या ३६ तासांत काही झालं नाही, की झालेलं कुणी मोजलं नाही, हे तुम्हाला सांगता येणार नाही. मलाही नाही.

दुचाकीवरून पडलेल्या मुलाबद्दल तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी तिथेच थांबले. अमेरिकेतल्या इंटर्नांची एक मोठी पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. २४ तासांहून लांब ड्यूटी करून घरी निघालेल्याला अपघात होण्याची शक्यता इतर ड्यूटींच्या मानाने दुपटीहून जास्त होती, आणि थोडक्यात टळलेल्या अपघातांची त्याहून कितीतरी जास्त. खरचटण्यावर निभावलं हा त्याच्या नशिबाचा भाग झाला. चार्टमध्ये त्याची काहीच तजवीज नव्हती.

आता "उभं राहून शिकलो" याकडे येऊ. एक काम करा. मागच्या इमर्जन्सीला तुमच्या पहिल्या वर्षाच्या डॉक्टरने तासागणिक काय केलं, ते त्याच्याच शेजारी बसून कागदावर उतरवा. रक्ताचे नमुने नेऊन देणं, रिपोर्ट शोधून आणणं, ब्लड बँकेच्या खेपा, सीटीच्या दाराशी ट्रॉली धरून उभं राहणं, डिस्चार्ज कार्डांचा गठ्ठा, फोनवर बेड मिळवणं. मग शिकवणाऱ्या तासांखाली रेघ ओढा : ज्यात त्याने पेशंट तपासून स्वतः निर्णय मांडला, कुणी तो दुरुस्त केला, ऑपरेशनमध्ये एखादी पायरी त्याच्या हाताने झाली. बेरीज करून पाहा. पदव्युत्तर शिक्षण म्हणून आपण ज्याचा अभिमान बाळगतो, त्यातला मोठा वाटा म्हणजे न भरलेल्या जागांचं काम फुकटात उरकणं असतो, असं माझं मत आहे. त्या कामात हलकेपणा काही नाही, ते कुणीतरी करायलाच हवं. पण त्याला शिक्षण म्हणू नये. शिवाय दिवसा जमलेली नवी हातोटी पक्की होण्यात झोपेचाही वाटा असतो. तिसाव्या तासाला रिट्रॅक्टर (ऑपरेशनची जागा उघडी धरून ठेवणारं हत्यार) धरून पेंगणाऱ्याला त्या पोटात काय दिसलं, हे दुसऱ्या दिवशी विचारून बघा.

ही पद्धत आली कुठून, ते जाता जाता सांगते. रुग्णालयातच राहायचं आणि वर्षानुवर्षं अष्टौप्रहर हजर असायचं, हा सर्जरीच्या शिक्षणाचा साचा १८८९ मध्ये उघडलेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड यांनी घडवला. फार मोठा सर्जन. भूल देण्यासाठी कोकेनचे प्रयोग स्वतःवर करता करता त्यांना त्याचं व्यसन जडलं, पुढे मॉर्फिनचंही. आणि हे गृहस्थ दर उन्हाळ्यात लांब रजेवर जात. विद्यार्थ्यांसाठी नियम वेगळा. जी परंपरा आपण निसर्गनियमासारखी पाळतो ती कुणातरी माणसाने घालून दिलेली असते, इतकंच.

तुमचा तिसरा मुद्दा मात्र मी हलक्यात घेणार नाही. डॉक्टर बदलला की पेशंटचे हाल होतात, हे खरं आहे. तासांवर मर्यादा हवी म्हणणाऱ्या आमच्यासारख्यांनी याकडे बराच काळ डोळेझाक केली. २००४ मध्ये बोस्टनच्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांतला अभ्यास आला : लांब ड्यूटी करणाऱ्या इंटर्नांकडून, १६ तासांच्या मर्यादेत काम करणाऱ्यांच्या तुलनेत, ३६ टक्के जास्त गंभीर चुका झाल्या. सगळ्यांना वाटलं, प्रश्न सुटला. २०११ मध्ये अमेरिकेत पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांना सलग १६ तासांची मर्यादा सक्तीची झाली, आणि २०१७ मध्ये ती मागे घेऊन पुन्हा २४ तास, वर हँडओव्हरसाठी, म्हणजे पेशंट पुढच्या डॉक्टरकडे सोपवण्यासाठी, चार, असं ठरलं. मधल्या काळात दोन मोठे अभ्यास झाले होते, एक सर्जरीत, एक मेडिसिनमध्ये. सर्जरीतल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्येच आले : ड्यूटीच्या लांबीचे नियम सैल ठेवलेल्या विभागांत पेशंटचे मृत्यू किंवा गंभीर गुंतागुंती वाढल्या नव्हत्या. मेडिसिनमधल्या अभ्यासातही २०१९ मध्ये मृत्यूंबाबत तसंच दिसलं. तुमचे सर हेच दाखले देतील, आणि त्यांचं चूक नसेल.

पण सगळ्यात बोलका अभ्यास २०२० चा आहे. लहान मुलांच्या सहा अतिदक्षता विभागांत लांब ड्यूटी बंद करून छोट्या पाळ्या लावल्या, तर गंभीर चुका कमी होण्याऐवजी वाढल्या! नीट पाहिल्यावर कळलं की छोट्या पाळ्यांत एका निवासी डॉक्टरच्या वाट्याला सरासरी ८.८ पेशंट येत होते, आधी ६.७ यायचे. हा कामाचा बोजा हिशेबात धरल्यावर छोट्या पाळ्या आणि वाढलेल्या चुका यांचा संबंध उरला नाही. तास कापले, माणसं वाढवली नाहीत, आणि तेवढंच काम कमी वेळात कोंबलं. तुमच्या युनिटमध्ये हेच चाललंय, फक्त तुमच्याकडे तास कापल्याचंही नाटक आहे.

न्यूयॉर्कची गोष्टही अशीच आहे. १९८४ मध्ये लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी रुग्णालयात दाखल झाल्यावर काही तासांत दगावली. तिला पाहणारे दोघंही शिकाऊ डॉक्टर होते, वरिष्ठ तिथे हजर नव्हते. तिच्या पत्रकार वडिलांनी प्रकरण लावून धरलं. त्यानंतर नेमलेल्या डॉ. बर्ट्रंड बेल यांच्या समितीच्या शिफारशींवरून १९८९ पासून त्या राज्यात आठवड्याला ८० तास आणि सलग २४ तासांची मर्यादा आली. खुद्द बेल यांना तासांपेक्षा वरिष्ठांची देखरेख जास्त महत्त्वाची वाटत होती. लोकांच्या लक्षात राहिला तो ८० चा आकडा, कारण आकडा मोजता येतो. २००३ मध्ये तो अमेरिकाभर लागू झाला. युरोपात शिकाऊ डॉक्टरांनाही २००९ पासून सरासरी ४८ तास आणि रोज सलग ११ तास विश्रांती आहे. रुग्णालयात थांबून ऑन कॉल असताना झोप लागली तरी तो वेळ कामातच धरायचा, असे निकाल तिथल्या न्यायालयाने दिले आहेत. भारतात १९९२ च्या केंद्रीय निर्देशात दिवसाला १२ आणि आठवड्याला ४८ तास लिहिले आहेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे २०२३ चे नियम 'वाजवी तास' एवढंच म्हणतात, आणि आयोगाच्याच कार्यगटाने २०२४ मध्ये आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तासांची शिफारस केली. कुठलाही आकडा घ्या, वहीत खोटं लिहायचं ठरलं की सगळे सारखेच.

म्हणून वही. तुम्ही तिच्याकडे 'मुलीची तक्रार' म्हणून बघता आहात. मला ती तुमच्या हातातली एकमेव मोजपट्टी दिसते. युनिटला दोन डॉक्टर, एक कारकून आणि नमुने नेणारा एक माणूस जास्त हवा, हे तुम्ही कितीही घसा फोडून सांगितलं तरी वर बसलेला माणूस वही उघडणार. वही म्हणते, सगळे वेळेवर घरी जातात. मग माणसं कशाला द्यायची? तुम्ही म्हणता काम तुमच्या अंगावर येतं. ते येत राहावं याची सोय तुम्हीच रोज सही करून करता आहात.

दुसरी बाजू जास्त धोक्याची आहे. समजा पोस्ट-ड्यूटीच्या दुपारी, वहीप्रमाणे घरी असलेल्या डॉक्टरने एखादा डोस चुकीचा लिहिला. चौकशी बसली. केस पेपरवर तिचं अक्षर आहे आणि वहीत ती आठ तासांपूर्वीच गेली आहे. त्या खोलीत "काम नेहमीसारखं होऊ द्या" हे तोंडी वाक्य कुणाला आठवेल असं तुम्हाला वाटतं? थकवा हे तिच्या बचावाचं सगळ्यात खरं कारण असेल, आणि तेच तिने आणि तुम्ही मिळून आधीच पुसून टाकलेलं असेल. चार्टवर सही तुमची आहे.

आता सरांचं. परीक्षा आणि प्रबंध त्यांच्या हातात आहेत, आणि अशा वेळी 'बाणेदारपणे उभे राहा' असं लिहिणं मला सोपं आहे. भोगायचं तुम्हाला आहे. तेव्हा लढाई लावू नका, काम घेऊन जा. एकटीने जाऊ नका. युनिटमधल्या लेक्चररपैकी जो ऐकणारा असेल त्याला आधी दाखवा, जमलं तर दोघं मिळून जा. हातात तो तासागणिक कागद असू द्या. "मुलं थकतात" याने सुरुवात केली तर सर त्यांच्या काळातल्या गोष्टी सांगतील. "सर, पोस्ट-ड्यूटीला थांबलेल्याची नोंद नाही आणि केस पेपरवर सही आहे, उद्या काही झालं तर आपण सगळे अडकू" हे त्यांना लगेच कळेल. सोबत नवा चार्ट द्या, नुसता आक्षेप नको. ते म्हणाले "बघू", तर त्याच दिवशी चार ओळींचं साधं, बिनरागाचं टिपण त्यांना लेखी पाठवा : आज अमुक बोललो, अमुक चार्ट सुचवला. तेही चाललं नाही, तर निवासी डॉक्टरांची संघटना किंवा संस्थेची तक्रार समिती आहे, पण तिथे युनिटचं नाव घेऊन जाण्याआधी इतर युनिट्समध्ये काय चाललंय ते विचारा. बहुतेक ठिकाणी हेच चालू असतं, आणि पाच युनिटचा प्रश्न मांडणं एका युनिटच्या तक्रारीपेक्षा खूपच सुरक्षित असतं.

चार्टमध्ये काय असावं? आधी हँडओव्हर. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, एक वरिष्ठ हजर, तेवढा वेळ फोन दुसऱ्याकडे. पेशंट किती गंभीर, थोडक्यात हकिगत, कुठली कामं बाकी, काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करायचं, आणि शेवटी घेणाऱ्याने आपल्या शब्दांत परत सांगायचं. ही शेवटची पायरी लोक गाळतात, तीच गाळू नका. नऊ रुग्णालयांत ही रीत शिकवून पाहिली, त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले : चुका २३ टक्क्यांनी घटल्या, टाळता येण्याजोगी इजा ३० टक्क्यांनी. एका पेशंटमागे वेळ लागला अडीच मिनिटं, आधी लागायचा जवळपास तेवढाच. डॉक्टर बदलल्यावर पेशंटचे हाल होताना तुम्ही पाहिलेत ते डॉक्टर बदलल्यामुळे, की जाणारा "बेड सातवर लक्ष ठेव" एवढंच ओरडून गेल्यामुळे?

मग इमर्जन्सीच्या रात्री दोघांची जोडी लावून प्रत्येकाला आळीपाळीने दोन-तीन तास खरोखर झोपू द्या, म्हणजे फोनसुद्धा दुसऱ्याकडे. पहाटे तीन ते पाच हा शरीराचा सगळ्यात मंद काळ. उद्या करता येणारं काम त्यात ढकलू नका, आणि त्या वेळी लिहिलेले डोस दुसऱ्या माणसाने वाचावेत. झोपेतून उठल्या उठल्या पहिली काही मिनिटं डोकं बधिर असतं, तेव्हा उठवून लगेच फोनवर ऑर्डर मागू नका. पोस्ट-ड्यूटीला सकाळचा राउंड झाला की हँडओव्हर आणि सुट्टी, डिस्चार्ज कार्डं दुसऱ्या दिवशीच्या माणसाकडे. ज्याने रात्र काढली त्याने गाडी चालवायची नाही. कुणीतरी सोडावं, नाहीतर आधी ड्यूटी रूममध्ये झोपून मग निघावं. कॉफी पिऊन हँडल धरणं हा उपाय नाही.

एक पळवाट मुद्दाम ठेवा. रात्री स्वतः दाखल केलेल्या पेशंटचं दुर्मीळ ऑपरेशन सकाळी आहे, किंवा ज्या नातेवाइकांशी तिनेच रात्रभर बोलणं केलं त्यांच्याजवळ तिला थांबायचं आहे, तर ज्युनिअरला थांबू द्या. पण बाकीचे पेशंट सोपवून, स्वतःच्या इच्छेने, कारण लिहून, आणि ते तास मोजून. अमेरिकेच्या आताच्या नियमांतही अशी जागा आहे. घड्याळ बघून निघणाऱ्यांची तुमची भीती मग बरीच कमी होईल, कारण कोण शिकायला थांबतं आणि कुणाला थांबवून ठेवलं जातं, हे वहीतच दिसेल.

हे वाचणाऱ्यांत पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे डॉक्टर असतील, त्यांना एवढंच : वही खोटी असली तरी स्वतःच्या खऱ्या तासांची नोंद रोज दोन ओळींत तारखेसह ठेवा, त्यात पेशंटचं नाव किंवा नंबर टाकू नका. आणि झोप उडणं, रडू आवरेनासं होणं, 'आपण नसलो तर बरं' असं मनात येणं, हे ड्यूटीचा भाग म्हणून गिळू नका; त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. तुम्ही डॉक्टर आहात म्हणून तुमचा आजार वेगळा नसतो. घरच्यांनी "सगळेच करतात" हे वाक्य वर्षभर बाजूला ठेवलं तरी पुष्कळ होईल.

राहिली तुमची ज्युनिअर. तिला थांबवू नका. पण तिला एकटीला पुढेही करू नका. नोंदवहीत पहिली खरी ओळ तुमची असू द्या. शेवटच्या वर्षाच्या रकान्यात खरे तास दिसले की पहिल्या वर्षाच्या मुलीवर नेम धरणं अवघड जातं. तुम्हाला सध्या तेवढंही शक्य नसेल, तर किमान दुसऱ्याच्या खोट्या तासांखाली सही करणं थांबवा; "मी फक्त माझी हजेरी प्रमाणित करते" असं म्हणून रकाना रिकामा ठेवता येतो. तिच्याशी बोलताना रागाबद्दलही सांगून टाका, तिला तो कळलेलाच असणार. आणि दोघींनी एक पथ्य पाळा : खरं लिहायचं ते ज्या तारखेला ठरवाल तिथून पुढे. मागच्या महिन्यांच्या नोंदींत खाडाखोड करून एकही तास बदलू नका. त्या नोंदी चुकीच्या आहेत हे कधी सांगावं लागलं, तर वेगळ्या कागदावर, आजच्या तारखेने सांगा.